संगणकामागील तारा आणि गृहस्थाचा विवेक

दीपावली म्हणजे भगवान महावीरांचा निर्वाणोत्सव. त्यापाठोपाठ वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष उजाडते आणि याच दिवसांत व्यापारी घरांतून नव्या वहीचे पूजन होते. गेल्या काही वर्षांत या वहीशेजारी संगणकही मांडलेला दिसतो. जमाखर्च, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास आणि घरातील वडीलधाऱ्यांचे प्रवचनश्रवण ही सारी कामे एकाच यंत्रावर होऊ लागल्यामुळे अनेक कुटुंबांत मुहूर्ताची खरेदी म्हणून नवा डेस्कटॉप संगणक घरी येतो.

खरेदीपूर्वी विचारविनिमय पुष्कळ होतो. प्रोसेसर कोणता, रॅम किती, साठवणुकीची क्षमता किती, पडदा किती इंची, याची चार ठिकाणी चौकशी होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव विचारले जातात. मात्र या सर्व भागांना एकत्र बांधणाऱ्या तारांचा विषय निघाला की, "दुकानदार देईल ती वायर लावू," असे म्हणून तो संपवला जातो. चाळीस-पन्नास हजारांच्या वस्तूत दीड-दोनशे रुपयांच्या तारेला कोण महत्त्व देणार?

प्रत्यक्षात घरात आलेल्या नव्या संगणकाच्या बहुतेक तक्रारी या दुर्लक्षित तारांपाशीच येऊन थांबतात. पडदा काळा राहतो, चित्र अडखळते, इंटरनेट संथ चालते, छायाचित्रांची नक्कल करण्यात तास जातो. हे सारे त्रासदायक असले तरी निभावून नेता येते. एक चूक मात्र निभावून नेण्यासारखी नसते, कारण तिचा संबंध घरातील माणसांच्या प्राणांशी असतो. म्हणून या विषयाकडे थोड्या सावधपणे पाहणे आवश्यक आहे.

आधी ताळमेळ, मग खरेदी

तारा विकत घेण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि खतावणीप्रमाणे त्याचे दोन स्तंभ करावेत. डाव्या स्तंभात संगणकाच्या पाठीमागे कोणकोणती तोंडे आहेत ते लिहावे. उजव्या स्तंभात घरातील पडदा, कळफलक, माऊस, प्रिंटर, स्पीकर, बाहेरची हार्ड डिस्क आणि इंटरनेटचा राऊटर यांना कोणती जोडणी लागते ते लिहावे. दोन्ही स्तंभांचा ताळमेळ बसला की नेमक्या कोणत्या तारा हव्यात हे स्पष्ट होते. त्यानंतर टेबलापासून सॉकेटपर्यंत आणि राऊटरपर्यंत किती अंतर आहे ते टेपने मोजावे. लागणाऱ्या लांबीपेक्षा हातभर अधिक तार घ्यावी. ताणून बसवलेली तार सांध्याशी तुटते आणि फार लांब तारेचे वेटोळे धुळीत पडून राहते.

हा कागद दुकानात नेला तर आणखी एक लाभ होतो. अनेक तारा उपकरणांच्या खोक्यातच मिळतात. नव्या पडद्यासोबत बहुधा एक एचडीएमआय केबल असते, प्रिंटरसोबत यूएसबी केबल असते, राऊटरसोबत एक छोटी नेटवर्क केबल असते. यादी हाताशी नसली की त्याच वस्तू पुन्हा विकत घेतल्या जातात.

तिसऱ्या पिनचे महत्त्व

सर्वांत प्रथम विचार विजेच्या तारेचा करावा. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. डेस्कटॉपची पॉवर कॉर्ड एका टोकाला तीन पिनांची असते आणि दुसऱ्या टोकाला तीन छिद्रांचे काळे तोंड असते, जे संगणकाच्या मागे एसएमपीएस या विद्युतसंचात बसते. कॉर्डच्या आत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा तीन तारा असतात. तपकिरीतून वीज येते, निळीतून परतते आणि हिरवी-पिवळी तार अर्थिंगची असते. प्लगवरील वरची जाड पिन या अर्थिंगसाठी आहे. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग खोचताना संरक्षणाची जोडणी आधी होते आणि काढताना ती सर्वांत शेवटी सुटते.

असे असूनही सॉकेट जुने आहे, पिन बसत नाही, या कारणाने ही तिसरी पिन मोडून टाकण्याची किंवा दोन पिनांचा ॲडाप्टर मध्ये लावण्याची रीत अनेक घरांत आढळते. संगणक त्यानंतरही सुरू होतो, त्यामुळे काही बिघडले असे कोणाला वाटत नाही. थोड्याच दिवसांत कोणीतरी म्हणते, "पेटीला हात लागला की झिणझिण्या येतात." त्यावर चप्पल घालून बसण्याचा किंवा पायाखाली लाकडी पाट ठेवण्याचा उपाय सांगितला जातो आणि विषय तेथेच मिटतो.

या झिणझिण्यांचे कारण समजून घेतले पाहिजे. एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळणारे लहान कपॅसिटर असतात. त्यांची एक बाजू वीजवाहक तारांना आणि दुसरी बाजू पेटीच्या पत्र्याला जोडलेली असते. अर्थिंग व्यवस्थित असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर त्याला वाट मिळत नाही आणि पत्र्यावर सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसू लागतो. हा प्रवाह अगदी अल्प असल्यामुळे केवळ झिणझिण्या जाणवतात. पण त्यातून मिळणारी सूचना गंभीर आहे. या यंत्राला संरक्षण उरलेले नाही, असा तिचा अर्थ होतो. पुढे कधी आतील आवरण खराब होऊन वीजवाहक तार पत्र्याला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट पेटीवर येतील. अर्थिंग असते तर त्याच क्षणी मोठा प्रवाह जमिनीकडे वाहून फ्यूज उडाला असता किंवा एमसीबी पडला असता. अर्थिंग नसताना फ्यूज शाबूत राहतो आणि वीज पेटीवर थांबून राहते. ओल्या फडक्याने फरशी पुसणारी गृहिणी किंवा टेबलाखाली गेलेला चेंडू काढणारे मूल तिला स्पर्श करीपर्यंत कोणालाही काही कळत नाही.

म्हणून नवा संगणक आणण्यापूर्वी ज्या सॉकेटला तो जोडायचा त्याची तपासणी जाणकार वायरमनकडून करून घ्यावी. तो मीटरने तीन मापे घेतो. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट दिसावेत, फेज आणि अर्थिंग यांमध्येही जवळजवळ तेवढेच दिसावेत आणि न्यूट्रल व अर्थिंग यांमध्ये अगदी थोडे, दोन-तीन व्होल्टपर्यंत दिसावेत. दुसरे माप शून्याजवळ किंवा भलतेच आले तर अर्थिंग तुटलेले आहे असे समजावे. अनेक जुन्या वाड्यांत आणि इमारतींत तीन छिद्रांचे सॉकेट असते, परंतु वरच्या छिद्रामागे तार जोडलेलीच नसते. त्याच भेटीत घराच्या मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आहे की नाही हेही विचारावे. गळती होताच क्षणार्धात वीज तोडणारे हे साधन साऱ्या घराचे रक्षण करते.

पॉवर कॉर्ड घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह पाहावे. तीन-पिनी प्लगचे मानक आयएस १२९३ आहे आणि पीव्हीसी आवरणाच्या तारांचे आयएस ६९४. आतील तार ०.७५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी. वरची पिन धातूचीच आहे ना, हे हातात घेऊन पाहावे. मोबाइलच्या काही चार्जरना प्लास्टिकची पिन असते आणि दुहेरी आवरणाच्या त्या उपकरणांना ती चालते. पत्र्याच्या पेटीच्या संगणकाला ती चालत नाही.

यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड

वीज अचानक जाणे ग्रामीण भागातच नव्हे, शहरांतही नवीन नाही. नोंद सुरू असताना यंत्र बंद पडले तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते आणि वर्षभराचे हिशेब उघडेनासे होण्याचा धोका राहतो. यासाठी यूपीएस घेतला जातो. त्यावर लिहिलेला आकडा मात्र नीट वाचला पाहिजे. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. घरगुती यूपीएसमध्ये प्रत्यक्ष वापरता येणारी शक्ती बहुधा त्याच्या साठ टक्के, म्हणजे ३६० वॅट असते. हिशेबाचे काम करणारा साधा संगणक आणि चोवीस इंची पडदा यांना ती पुरेशी होते. खेळांसाठी किंवा चित्रफितींच्या संपादनासाठी मोठे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला ती अपुरी पडू शकते. घरगुती लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपियर-अवरची बॅटरी असते आणि साध्या संगणकाला दहा-पंधरा मिनिटे मिळतात. तेवढा अवधी काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी आहे. चालू प्रवचन शेवटपर्यंत ऐकण्यासाठी तो नाही.

यूपीएसला संगणक, पडदा आणि राऊटर जोडावेत. लेझर प्रिंटर कधीही जोडू नये. कागदावर शाई पक्की करण्यासाठी त्याच्या आतील रूळ तापतो, तेव्हा तो एकदम शेकडो वॅट ओढतो आणि यूपीएस कोलमडतो. काही यूपीएसच्या मागे भिंतीसारखे सॉकेट नसून संगणकाच्या मागे असते तशा धाटणीचे तोंड असते. त्यासाठी वेगळी कॉर्ड लागते. आपल्या यूपीएसला कोणते तोंड आहे हे दोन स्तंभांच्या कागदावर आधीच लिहिलेले असावे.

एक्स्टेंशन बोर्डविषयी एक साधे गणित ध्यानात ठेवावे. सहा अँपियरच्या सॉकेटची मर्यादा ६ गुणिले २३०, म्हणजे १३८० वॅट. संगणकाचा भार तिच्या आत सहज बसतो. त्याच बोर्डवर इस्त्री किंवा पाणी तापवण्याचे उपकरण लावले की मर्यादा ओलांडली जाते. एका एक्स्टेंशनला दुसरे एक्स्टेंशन जोडण्याची सवयही टाळावी, कारण प्रत्येक सैल सांधा तापतो.

पडद्याची जोडणी

संगणकापासून पडद्यापर्यंत चित्र नेणाऱ्या जोडण्यांमध्ये सध्या तीन नावे भेटतात. निळ्या तोंडाची, तीन ओळींत पंधरा पिनांची व्हीजीए सर्वांत जुनी. ती १९८७ मध्ये आली. तिच्यातून चित्र अ‍ॅनलॉग स्वरूपात जाते, त्यामुळे मोठ्या पडद्यावर अक्षरांच्या कडा धूसर दिसतात. आज ती केवळ जुना पडदा चालवण्यापुरती उरली आहे. एचडीएमआयचे मानक २००२ च्या अखेरीस निघाले. दूरचित्रवाणी संचांमुळे ती घराघरांत पोहोचली आणि एकाच तारेतून चित्र व आवाज दोन्ही नेते. डिस्प्लेपोर्ट २००६ मध्ये आला. तो मुख्यतः संगणकासाठी घडवलेला आहे. त्याच्या तोंडाला अनेकदा खटका असतो. तो दाबल्याशिवाय केबल ओढली तर सॉकेटच तुटण्याची भीती असते.

कोणती निवडावी? पडदा फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल, तर कोणतीही साधी चांगली एचडीएमआय केबल पुरते. पडदा फोर-के असेल, तर ठिपके चौपट होऊन ऐंशी लाखांच्या पुढे जातात. तेथे केबलचा दर्जा पाहावा लागतो. सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवर 'प्रीमियम हाय स्पीड' आणि ४८ गिगाबिटच्या तारेवर 'अल्ट्रा हाय स्पीड' असे छापलेले असते. फोर-के पडद्याला ६० हर्ट्झवर यांतील पहिली पुरेशी आहे. जुनी केबल किंवा जुने तोंड वापरले तर चित्र दिसते, पण ३० हर्ट्झवर अडकते आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. दोष पडद्याचा समजून तो परत करण्यापूर्वी तार बदलून पाहावी.

या ठिकाणी काटकसरीचीही एक गोष्ट आहे. दीड-दोन मीटरच्या केबलसाठी सोन्याचा मुलामा दिल्याचे सांगून हजारो रुपये मागितले जातात. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट यांमधून जाणारा संदेश शून्य आणि एक अशा अंकांचा असतो. तो शुद्ध पोहोचला की चित्र पूर्ण येते. तार कमी पडली की चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके उडतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. महाग तारेने रंग अधिक गडद किंवा अक्षरे अधिक सुबक होत नाहीत. अंतर पाच-सात मीटरच्या पुढे गेले तरच दर्जेदार तारेवर अधिक खर्च करण्याला अर्थ असतो.

एक चूक नवख्यांकडून वारंवार घडते. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची तोंडे पाठीमागे खालच्या बाजूस आडवी दिसतात आणि मदरबोर्डची वरच्या बाजूस उभी. पडद्याची केबल कार्डच्या तोंडात लावायची असते. ती वर लावली तर पडदा काळा राहतो, किंवा पैसे मोजून घेतलेले कार्ड नुसते बसून राहते आणि सारे काम प्रोसेसर ओढत राहतो. तसेच डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय पडद्याकडे नेणारी साधी रूपांतरक केबल बहुतेक संगणकांवर उलट्या दिशेने चालत नाही. एचडीएमआय तोंडातून डिस्प्लेपोर्टच्या पडद्याकडे जायचे असेल तर वेगळा, स्वतःची वीज घेणारा रूपांतरक लागतो.

एकसारखी दिसणारी यूएसबी

यूएसबीच्या बाबतीत रूप फसवे आहे. २००० सालची यूएसबी २.० सेकंदाला ४८० मेगाबिट नेते, २००८ ची यूएसबी ३.० पाच गिगाबिट नेते. दोन्हींचे चपटे तोंड सारखेच दिसते. ३.० च्या तोंडाच्या आत बहुधा निळे प्लास्टिक असते, एवढीच खूण. हा फरक व्यवहारात किती पडतो ते पाहावे. लग्नकार्याची छायाचित्रे आणि हिशेबाच्या नकला मिळून शंभर गिगाबाइट साठा बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्यायचा आहे. यूएसबी २.० मध्ये सेकंदाला पस्तीस मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. तीच डिस्क निळ्या तोंडात लावली तर काम पंधरा-सोळा मिनिटांत होते. नक्कल करण्यास फार वेळ लागतो म्हणूनच घरोघरी ती करण्याचे टाळले जाते आणि एके दिवशी डिस्क बंद पडली की पश्चात्ताप होतो. योग्य तोंडाची निवड येथे वेळेबरोबर स्मृतींचेही रक्षण करते.

कळफलक, माऊस आणि प्रिंटर यांना एवढा वेग लागत नाही. ते काळ्या तोंडांना लावावेत आणि निळी तोंडे डिस्कसाठी राखावीत. बिनतारी माऊस अधूनमधून अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर वेगवान डिस्कच्या शेजारी आहे का ते पाहावे. यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी निसटतात आणि बिनतारी माऊस त्याच पट्ट्यात बोलत असतो. रिसीव्हर पुढच्या बाजूच्या तोंडात लावला की बहुधा तक्रार दूर होते.

लंबगोल, उलटसुलट कसेही बसणारे टाइप-सी तोंड २०१४ मध्ये आले. तेथे तर आकारावरून क्षमतेचा अंदाजच बांधता येत नाही. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी तार बहुधा चार्जिंगसाठी असते आणि तिच्यातून माहिती यूएसबी २.० च्याच वेगाने जाते. डिस्कसोबत आलेली छोटी तार डिस्कपाशीच ठेवावी. तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून ठेवली तर अदलाबदल होत नाही.

इंटरनेट आणि आवाज

डेस्कटॉप एका जागी राहतो, म्हणून राऊटर जवळ असेल तर वाय-फायपेक्षा नेटवर्क केबल अधिक भरवशाची. तिच्यावर 'कॅट-५ई' किंवा 'कॅट-६' असे छापलेले असावे. दोन्ही प्रकार शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेतात. आज घरासाठी नवी टाकायची तर कॅट-६ घ्यावी. तार शुद्ध तांब्याची आहे का हे अवश्य विचारावे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा थर दिलेली स्वस्त तार वाकवताना लवकर तुटते.

या तारेत आठ धाग्यांच्या चार जोड्या असतात. एक गिगाबिटसाठी आठही लागतात, शंभर मेगाबिटसाठी दोन जोड्या पुरतात. म्हणून आतील एखादा धागा तुटला किंवा टोक नीट चेपले नसले तर इंटरनेट बंद पडत नाही, ते निमूटपणे शंभरावर उतरते. दरमहा तीनशे मेगाबिटचे पैसे भरणाऱ्या कुटुंबाला शंभरच मिळत राहतात आणि दोष कंपनीला दिला जातो. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तो एकदा पाहून घ्यावा.

आवाजासाठी पाठीमागे रंगीत गोल छिद्रे असतात. हिरवे स्पीकर किंवा हेडफोनसाठी, गुलाबी माइकसाठी आणि निळे बाहेरून आवाज आत घेण्यासाठी. पाठशाळेचा वर्ग ऑनलाइन घेणाऱ्या शिक्षिकेचा आवाज विद्यार्थ्यांना ऐकू येत नसेल, तर दहांतील अनेक वेळा माइक निळ्या छिद्रात सापडतो.

पेटीच्या आत

आतील जोडणी बहुतेक ठिकाणी दुकानदारच करून देतो, आणि ते योग्यच आहे. तरी एक गोष्ट प्रत्येक ग्राहकाने जाणून घ्यावी. काही एसएमपीएसच्या तारा त्यांच्यापासून सुट्या करता येतात. पुढे एसएमपीएस बदलण्याची वेळ आली की जुन्या तारा तशाच ठेवून नवा संच लावण्याचा मोह होतो, कारण तोंडे बेमालूम बसतात. मात्र एसएमपीएसकडील टोकाच्या पिनांचा क्रम सर्व कंपन्यांचा एक नसतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असू शकतो. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की हार्ड डिस्क त्याच क्षणी जळते आणि तिच्यातील माहिती परत मिळणे दुरापास्त होते. म्हणून संच बदलला की त्याच्याबरोबर आलेल्याच ताराही बदलाव्यात, असे दुरुस्ती करणाऱ्याला स्पष्ट सांगावे.

आदान-निक्षेपण

मुनिधर्मातील पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समितीला स्थान आहे. कोणतीही वस्तू उचलताना व ठेवताना पाहून, सावधपणे उचलावी व ठेवावी, असा तिचा आशय. गृहस्थाला मुनींचे आचरण पूर्णतः शक्य नसले तरी त्या यतनेचा अंश त्याच्या टेबलाखालीही उतरू शकतो.

जोडणी करताना आधी सर्व तारा बसवाव्यात आणि विजेचा प्लग सर्वांत शेवटी लावावा. काढताना विजेचा प्लग सर्वांत आधी काढावा. कोणतेही तोंड जोर लावून बसवू नये. ते बसत नसेल तर दिशा चुकली आहे किंवा जागा चुकली आहे. तार ओढताना दोर धरून ओढू नये, टोक धरावे. तारा जमिनीवर पसरू न देता टेबलाच्या कडेला पट्टीने बांधाव्यात, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागत नाही आणि चालताना पाय अडकत नाही. विजेची कॉर्ड आणि नेटवर्कची तार शक्यतो वेगळ्या बाजूंनी न्याव्यात.

संगणकामागची उबदार, अंधारी जागा पालींना, मुंग्यांना आणि झुरळांना आश्रयाची वाटते. पेटीच्या मागच्या रिकाम्या खाचांची झाकणे दुकानात काढून टाकलेली असतात आणि तेथून जीव आत शिरतात. आत फिरणारा पंखा आणि वाहती वीज यांत त्यांचा घात होतो, यंत्रही बिघडते. ही झाकणे मागून घेऊन बसवावीत. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक असते. त्या काळात यंत्र सुरू करण्यापूर्वी मागे एकवार दृष्टी टाकावी, आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून मऊ ब्रशने हळुवार धूळ झाडावी.

जुन्या तारांचे काय?

नवा संगणक लागला की जुन्या तारांचा गुंता एका पिशवीत जातो आणि पिशवी माळ्यावर. प्रत्येक घरात अशी पिशवी आहे. परिग्रहपरिमाणाचा विचार करणाऱ्याने वर्षातून एकदा ती खाली उतरवावी. प्रत्येक प्रकारची एक चांगली तार राखून ठेवावी, चालू स्थितीतील जादा तारा गरजू विद्यार्थ्याला किंवा पाठशाळेला द्याव्यात. तुटलेली, सोललेली किंवा तापणारी विजेची कॉर्ड मात्र कोणालाही देऊ नये. दान म्हणून धोका देणे उचित नाही.

उरलेल्या तारा भंगारात देताना थांबून विचार करावा. तारेतील तांबे सोडवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ती उघड्यावर जाळणे. पीव्हीसीचे आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात. ईशान्य दिल्लीतील सीलमपूरसारख्या ठिकाणी ई-कचरा हातांनी फोडणाऱ्यांची मोठी वस्ती आहे आणि लहान प्रमाणावर हे काम अनेक शहरांच्या कडेला चालते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्माचा उल्लेख प्रथम येतो. तार आपण जाळत नाही हे खरे. पण हिंसेचा विचार कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी करण्यास आपल्याला शिकवले गेले आहे. आपल्या माळ्यावरची पिशवी कोणाच्या झोपडीमागे धुमसणार आहे, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जाव्यात असे त्यांत अभिप्रेत आहे. एका घराला तेवढ्यासाठी फेरी मारणे अवघड वाटते. मंदिराच्या किंवा स्थानकाच्या कार्यालयात वर्षातून एकदा एक खोके ठेवून सर्व घरांच्या तारा एकत्र पाठवणे संघाला सहज शक्य आहे.

संगणकाचा प्रोसेसर चार वर्षांत जुना होतो, रॅम वाढवता येते, पडदा बदलता येतो. नीट निवडलेली कॉर्ड आणि नीट केलेले अर्थिंग त्यानंतरच्या यंत्रालाही उपयोगी पडते. तेव्हा यंदा वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहिण्यापूर्वी आणि नव्या संगणकाला कुंकू लावण्यापूर्वी घरातील जाणत्या व्यक्तीने क्षणभर टेबलाखाली वाकावे आणि प्लगच्या तीनही पिना आपल्या जागी आहेत ना, हे मोजून पाहावे.